विश्लेषण : उष्णतेत टिकणारे चुंबक आणि होमी भाभांची अर्धी राहिलेली साखळी

चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी समेरियम, डिस्प्रोशियम, टर्बियम यांसह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच भारतातील वाहन उद्योगाचे धाबे दणाणले. बजाज ऑटोसारख्या कंपनीने इलेक्ट्रिक वाहनांचे उत्पादन घटण्याचा इशारा दिला. केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यांवरील वाळूत ही मूलद्रव्ये पडून असताना भारताला चुंबकांसाठी चीनकडे का पाहावे लागते, हा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर मुंबईच्या पूर्व उपनगरातील ट्रॉम्बे येथे आणि ते उभारणाऱ्या डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्या आयुष्यात शोधावे लागते. भाभांनी ही वाळू परदेशी जाऊ दिली नाही. ती वाळू फोडण्याचा कारखानाही उभा राहिला. पण वाळूपासून चुंबकापर्यंतचा पुढचा रस्ता त्यांच्या हयातीत आखलाच गेला नाही, आणि त्यांच्यानंतर तो आखायला फार उशीर झाला.

उष्णतेने चुंबकाचे काय बिघडते?

लोखंड लालभडक तापले की त्याला चुंबक चिकटत नाही, हे कोणताही लोहार सांगेल. लोखंडातील प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबक असतो. हे अणू एका दिशेने रांगेत उभे राहिले की तुकडा चुंबक होतो. तापमान वाढले की अणूंची थरथर वाढते आणि रांग विस्कटू लागते. एका ठरावीक तापमानाला ती पूर्णच मोडते. या तापमानाला क्युरी तापमान म्हणतात. लोखंडासाठी ते ७७० अंश सेल्सिअस आहे.

फ्रिजच्या दारावर फळाची प्रतिकृती चिकटवणाऱ्या चुंबकाला याची फिकीर नसते. पण घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर दोन माणसे आणि सामान घेऊन चढणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरची गोष्ट वेगळी आहे. बाहेर ऑक्टोबरचे ३५ अंश असले, तरी मोटारीच्या आत तापमान शंभरीपार जाऊ शकते. त्यातच मोटारीतील तारांच्या वेटोळ्यांमुळे तयार होणारे उलटे चुंबकीय क्षेत्र चुंबकाला सतत ढकलत असते. अशा स्थितीत वर्षानुवर्षे रांग न मोडणारा चुंबक बनवायचा, तर दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांना अजून तरी तोडीचा पर्याय सापडलेला नाही.

भाभा या वाळूपर्यंत कसे पोहोचले?

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी शॉमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्रावणकोर संस्थानातील मनवलकुरिची येथील किनाऱ्यावर मोनाझाइट असल्याचे दाखवून दिले. काथ्याबरोबर युरोपात पोहोचलेल्या वाळूच्या कणांवरून हा माग लागला, असे सांगितले जाते. पुढे या मुलाच्या आणि त्या वाळूच्या वाटा एकत्र येणार होत्या.

भाभांचे वडील जहांगीर वकील होते. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. मुलाने केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असे वडिलांच्या आणि आतोबांच्या मनात होते. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा मुंबईतील प्रवास करून भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. तेथे मन भौतिकशास्त्रात रमले. अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालास तर गणित शिकू देऊ, असा तोडगा वडिलांनी काढला. १९३० मध्ये भाभांनी ती अट पुरी केली आणि पोलादाचा कारखाना कायमचा मागे पडला.

पुढच्या दशकात त्यांचे नाव जगभर झाले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात, त्याचे गणित त्यांनी मांडले. ते आजही भाभा विकिरण म्हणून शिकवले जाते. वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. १९३९ मध्ये ते सुटीवर भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरुच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या छत्राखाली त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन सुरू केले. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते.

मार्च १९४४ मध्ये भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी मदत मागितली. अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावे लागू नये, हा त्या पत्रातील मुद्दा होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा वर्षाहून अधिक काळ होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरुत सुरू झाली आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली.

मोनाझाइटला एवढे महत्त्व का आले?

मोनाझाइट हे पिवळसर-तपकिरी, जड वाळूच्या रूपात सापडणारे खनिज आहे. त्यात निम्म्याहून अधिक वाटा दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या ऑक्साइडांचा असतो. भारतीय मोनाझाइटमध्ये त्याशिवाय सुमारे आठ-नऊ टक्के थोरियम ऑक्साइड असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपला हवे होते ते हे थोरियम. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवल्या जाणाऱ्या पेट्रोमॅक्समधली पांढरीशुभ्र जाळी मराठी वाचकाला ठाऊक आहे. ती जाळी म्हणजे थोरियम ऑक्साइड आणि त्यात किंचित सीरियम. युरोपातील रस्ते उजळणाऱ्या गॅसबत्त्यांसाठी त्रावणकोरची वाळू जहाजे भरभरून जात असे. किंमत वाळूची मिळे, नफा मात्र जाळी बनवणाऱ्याला होई.

१९४५ नंतर चित्र पालटले. थोरियमपासून अणुइंधन बनवता येते, हे कळल्यावर अमेरिका आणि ब्रिटनचे लक्ष त्रावणकोरकडे वळले. १९४६ मध्ये संस्थानाने मोनाझाइटच्या निर्यातीवर निर्बंध आणले. पुढच्याच वर्षी संस्थानाचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी स्वतंत्र राहण्याची भाषा सुरू केली, तेव्हा ही वाळू त्यांच्या हातातला एक हुकमाचा पत्ता होती. संस्थान भारतात आले आणि तो पत्ता भारत सरकारच्या हाती आला.

एप्रिल १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग नेमण्यात आला. शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन हे त्यातील अन्य सदस्य. भाभांची भूमिका सुरुवातीपासून पक्की होती. कच्चे मोनाझाइट देशाबाहेर जाणार नाही. ते येथेच फोडले जाईल, थोरियम भारतात राहील आणि उरलेला माल विकला जाईल. १९५१ मध्ये भारत धान्यटंचाईत सापडला असताना अमेरिकेतील गहू-कर्जाच्या चर्चेतही मोनाझाइटचा विषय आला. भारताने धोरण बदलले नाही. १९५३ मध्ये थोरियम नायट्रेटचा छोटा साठा पोलंडला रवाना झाला, तेव्हा अमेरिकेने साम्यवादी देशांना असा माल देणाऱ्यांची मदत थांबवण्याचा कायदा पुढे केला. तेव्हाही वाटाघाटींतून मार्ग काढण्यात आला.

आळवे ते ट्रॉम्बे हा प्रवास कसा होता?

या धोरणातून १८ ऑगस्ट १९५० रोजी इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. केंद्र सरकार आणि त्रावणकोर-कोचीन राज्य यांची ती संयुक्त कंपनी होती. आजची आयआरईएल ती हीच. तिचे मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. फ्रेंच कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने केरळमध्ये आळवे (आताचे अलुवा) येथे मोनाझाइट फोडण्याचा कारखाना उभा राहिला. डिसेंबर १९५२ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तो उभारण्याची जबाबदारी होमी सेठना या तरुण रासायनिक अभियंत्यावर होती.

आळवेच्या कारखान्यातून दोन प्रवाह निघत. थोरियमचा लगदा ट्रॉम्बेला येई. तेथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या संयंत्रात त्याचे शुद्ध थोरियम नायट्रेट होई. त्यातील काही भाग जाळ्या बनवणाऱ्यांकडे जाई, उरलेला भविष्यातील अणुइंधन म्हणून राखला जाई. दुसरा प्रवाह होता दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या मिश्र क्लोराइडचा. सिगारेट लायटरमधील ठिणगी पाडणारा खडा आणि काच घासून चकचकीत करणारी पूड अशा किरकोळ वस्तूंसाठी तो जगभर विकला जाई. पुढे ज्यांच्यासाठी देशांनी एकमेकांची अडवणूक केली, ती निओडिमियम आणि समेरियमसारखी मूलद्रव्ये याच मिश्रणात एकमेकांत मिसळून निघून जात होती.

ट्रॉम्बेचा निर्णयही याच काळातला. चेंबूरच्या पलीकडे, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेली ही जागा तेव्हा शहराच्या अगदी टोकाला होती. जानेवारी १९५४ मध्ये तेथे अणुऊर्जा आस्थापना सुरू झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ती पहिली. भाभा स्वतः चित्रे काढत, पाश्चात्त्य संगीताचे दर्दी होते आणि इमारतींच्या आराखड्यापासून झाडांच्या जागेपर्यंत सगळीकडे त्यांचे लक्ष असे. ट्रॉम्बेतील बागा आणि रस्त्याकडेची झाडी ही त्यांचीच आवड. मानखुर्द-चेंबूरचा तो परिसर आज अणुशक्तीनगरमुळे ओळखला जातो.

युरेनियमची साखळी पूर्ण झाली, चुंबकाची का नाही?

या प्रश्नात भाभांच्या कामाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. युरेनियमच्या बाबतीत त्यांनी एकही दुवा सोडला नाही. सध्याच्या झारखंडमधील जादुगुडाचे खनिज शोधण्यात आले. ट्रॉम्बेत युरेनियमचे धातूत रूपांतर करणारे संयंत्र उभे राहिले आणि जानेवारी १९५९ मध्ये अणुभट्टीच्या दर्जाचे पहिले युरेनियम तयार झाले. ब्रह्म प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली धातुशास्त्रज्ञांनी इंधनकांड्या बनवल्या. १९६० मध्ये सायरस अणुभट्टी सुरू झाली आणि १९६४ मध्ये वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारे संयंत्रही चालू झाले. खनिज, शुद्ध संयुग, धातू, घडवलेला भाग आणि शेवटी यंत्र, अशी ही पूर्ण साखळी होती.

दुर्मीळ मृदांची साखळी मात्र दुसऱ्या पायरीवर, मिश्र क्लोराइडवर थांबली. आळवेचा कारखाना उभारणारे सेठना ट्रॉम्बेला आले. थोरियम, मग युरेनियम, मग प्लुटोनियम अशी एकेक संयंत्रे त्यांनी उभारली. उत्तम माणसे अणूच्या मागे गेली आणि क्लोराइडची पिंपे बंदराकडे.

याचा दोष भाभांना देणे अन्यायाचे ठरेल. सीरियम, लँथेनम, निओडिमियम, समेरियम ही भावंडे रासायनिक गुणांनी इतकी सारखी आहेत की, त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे हे अत्यंत किचकट काम. ती मोठ्या प्रमाणावर वेगळी करण्याची पद्धत अमेरिकेत १९४० च्या दशकात विकसित झाली. शिवाय वेगळी करून करायचे काय, याचेही उत्तर कोणाकडे नव्हते. रंगीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील लाल रंगासाठी युरोपियम लागते, हे १९६० च्या दशकाच्या मध्यास कळले. निओडिमियमला तर तोवर मोठे गिऱ्हाईकच नव्हते. ज्या वस्तूचा शोध लागलेला नाही, तिचा कारखाना कोणी काढत नाही.

१९६६ मध्ये काय घडले?

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग विमान मुंबईहून युरोपकडे जात असताना आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व जण मृत्युमुखी पडले. त्यात व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले भाभाही होते. त्यांचे वय ५६ होते. एका वर्षाने, जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या संस्थेला भाभा अणु संशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

त्याच १९६६ मध्ये अमेरिकेतील ओहायो येथील हवाई दलाच्या प्रयोगशाळेत कार्ल स्ट्रनाट आणि गॅरी हॉफर यांनी यिट्रियम आणि कोबाल्टच्या संयुगाचे विलक्षण चुंबकीय गुण जाहीर केले. पाठोपाठ समेरियम-कोबाल्ट आले. जगातील पहिला दुर्मीळ मृदा चुंबक जन्माला आला तेव्हा, वाळूपासून यंत्रापर्यंतच्या साखळ्या जोडणारा भारतातील माणूस नुकताच गेला होता. ते असते तर काय झाले असते, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. एवढे मात्र खरे की, लायटरच्या खड्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिश्रणाची किंमत त्या वर्षापासून बदलली आणि त्या बदलामागे धावणारी यंत्रणा आपल्याकडे नव्हती.

समेरियम की निओडिमियम?

समेरियम-कोबाल्टचा क्युरी बिंदू ७०० अंशांच्या वर आहे. त्याचे चांगले प्रकार ३०० अंशांपर्यंत बिनदिक्कत काम करतात. उपग्रह, रडार आणि क्षेपणास्त्रांत तो वापरला जातो तो यामुळेच. अडचण होती कोबाल्टची. १९७८ मध्ये झाईरमधील संघर्षामुळे कोबाल्टचा पुरवठा विस्कळीत झाला, भाव कडाडले आणि संशोधक लोखंडाकडे वळले. १९८३ मध्ये जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक बनवला. तो अधिक ताकदवान होता आणि स्वस्तही. आज संगणकाच्या हार्ड डिस्कपासून पवनचक्कीपर्यंत सर्वत्र तोच आहे.

पण उष्णतेत तो हळवा आहे. त्याचा क्युरी बिंदू ३१० अंशांच्या आसपास आणि साध्या प्रकाराची कामाची मर्यादा जेमतेम ८० अंश. त्याचे चुंबकीय क्षेत्र दर अंशामागे सुमारे ०.११ टक्क्याने घटते. २० अंशांवरून १२० अंशांवर नेले की ११ टक्के ताकद कमी. समेरियम-कोबाल्टमध्ये हीच घट तीन-चार टक्के असते. ही घट थंड झाल्यावर भरून निघते, म्हणून ती फारशी धोक्याची नाही. खरा धोका दुसऱ्या गुणाचा. उलट्या क्षेत्राला तोंड देण्याच्या ताकदीला अभियंते कोअर्सिव्हिटी म्हणतात. निओडिमियम चुंबकात ती दर अंशामागे सुमारे ०.६ टक्क्याने घसरते. म्हणजे १०० अंशांच्या वाढीत निम्म्याहून अधिक बळ गळून पडते. तेवढ्यात मोटारीने जोराचा झटका दिला की चुंबकाचा काही भाग उलटा होतो आणि थंड झाल्यावरही सुलटा होत नाही.

यावरचा उपाय म्हणजे डिस्प्रोशियम किंवा टर्बियम. निओडिमियमच्या काही अणूंच्या जागी हे जड भाऊबंद बसवले की अणूंची रांग घट्ट धरली जाते आणि चुंबक १८० ते २०० अंशांपर्यंत तग धरतो. त्याची किंमतही मोजावी लागते. डिस्प्रोशियमचे अणू लोखंडाच्या उलट दिशेला तोंड करतात, त्यामुळे एकूण ताकद थोडी कमी होते. म्हणून आता ते संपूर्ण चुंबकात न मिसळता कणांच्या कडांवरच झिरपवण्याची पद्धत वापरतात. थोडक्यात डिस्प्रोशियममध्ये काम भागते.

दीर्घकाळ टिकेल, हे कसे ठरवतात?

चुंबकाची झीज तीन प्रकारची असते. पहिली तात्पुरती, तापमानाबरोबर जाणारी-येणारी. दुसरी थंड झाल्यावरही न भरणारी, पण पुन्हा जोरदार क्षेत्रात ठेवून चुंबकित केले की दुरुस्त होणारी. तिसरी कायमची. यात धातूच गंजतो किंवा त्याची अंतर्गत रचना बदलते, मग पुन्हा चुंबकित करूनही उपयोग नसतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत निओडिमियमच्या चुंबकाला निकेलचा किंवा तत्सम मुलामा नसेल तर कणांच्या सीमा गंजतात आणि चुंबकाचा भुगा होतो. समेरियम-कोबाल्ट याबाबत बराच सोशिक आहे.

दुसऱ्या प्रकारच्या झिजेचा वेगही विशिष्ट असतो. ती सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावत जाते. ठरावीक तापमानाला पहिल्या ते दहाव्या तासात जेवढी घट होते, साधारण तेवढीच दहाव्या ते शंभराव्या तासात आणि तेवढीच शंभराव्या ते हजाराव्या तासात होते. एक लाख तास म्हणजे जवळपास साडेअकरा वर्षे. तेवढी वर्षे थांबून चाचणी घेणे शक्य नसते. त्यामुळे काही हजार तासांच्या मोजमापावरून पुढचा अंदाज बांधतात. ज्या यंत्रात अचूकता हवी, तेथे चुंबक बसवण्यापूर्वीच तो कामाच्या तापमानापेक्षा थोड्या अधिक तापमानाला काही तास भाजून काढतात. लोणचे मुरवावे तसे हे मुरवणे आहे. जी घट पुढे होणार ती आधीच होऊन जाते आणि चुंबक नंतर वर्षानुवर्षे जवळपास स्थिर राहतो.

आकारालाही महत्त्व आहे. पातळ चकतीचा चुंबक स्वतःच्याच उलट्या क्षेत्राने लवकर खचतो, तर लांबट कांडी त्याच तापमानाला टिकते. मिश्रधातूची पूड किती बारीक, ती दाबताना कण किती सरळ रांगेत, भट्टीत किती तापमानाला किती वेळ, हवेचा किती शिरकाव झाला, या सगळ्यांवर अंतिम गुण ठरतो. उष्णतेतील टिकाऊपणा खाणीतून निघत नाही, तो अशा कारखान्यात तयार होतो. अशा अनुभवाला दशके लागतात. जपान आणि चीनने ती दिली.

भारताच्या वाळूत काय आहे आणि काय नाही?

भारतीय मोनाझाइटमधील दुर्मीळ मृदांपैकी जवळपास निम्मा वाटा सीरियमचा, पाव-एक लँथेनमचा आणि सुमारे पाचवा निओडिमियमचा. समेरियम दोन-चार टक्के. म्हणजे चुंबकाचा मुख्य कच्चा माल आहे. डिस्प्रोशियम आणि टर्बियम मात्र नगण्य. जी मूलद्रव्ये निओडिमियम चुंबकाला उष्णतेत उभे ठेवतात, नेमकी तीच आपल्या वाळूत नाहीत. चीनच्या दक्षिणेकडील मातीत आणि शेजारच्या म्यानमारमध्ये ती सापडतात. निर्बंधांच्या यादीत जड मूलद्रव्यांचा भरणा होता, त्याचे इंगित येथे आहे.

मोनाझाइटमधील थोरियम किरणोत्सारी असल्याने ही वाळू सरकारी नियंत्रणात राहिली. खासगी उद्योगाला तिच्या प्रक्रियेत शिरकाव नव्हता. भाभांच्या काळात या नियंत्रणाने वाळू वाचवली. पुढे त्याच नियंत्रणामुळे चुंबक बनवू पाहणारा कारखानदार आणि कच्चा माल यांची गाठ पडणे अवघड झाले. दरम्यान चीनने स्वस्त माल बाजारात ओतला आणि इतर देशांतील उद्योगही मागे पडले. २००४ मध्ये आळवेच्या कारखान्यात मोनाझाइट फोडण्याचे काम थांबले. त्यानंतर ओडिशातील छत्रपूर येथे नवे संयंत्र आले.

आता काय सुरू आहे?

११ मे २०२३ रोजी विशाखापट्टणम येथे भाभा अणु संशोधन केंद्राच्या आवारातील आयआरईएलचा चुंबक कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. तो बनवतो समेरियम-कोबाल्ट चुंबक, वर्षाला ३,००० किलो. तंत्रज्ञान भाभा केंद्र आणि हैदराबादची संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळा यांचे, आणि समेरियम भारतीय वाळूतील. या निवडीत तर्क आहे. समेरियम-कोबाल्टला डिस्प्रोशियम लागत नाही आणि उष्णतेत तो सर्वांत भरवशाचा. संरक्षण आणि अवकाश क्षेत्राला त्याचा उपयोग होईल. कोबाल्ट मात्र आयातच करावे लागते, आणि तीन टनांत वाहन उद्योगाची भूक भागणार नाही.

त्यासाठी २६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि त्यापासून तयार चुंबक अशी वर्षाला ६,००० टनांची क्षमता देशात उभी करायची आहे. जपानला होणारी दुर्मीळ मृदांची निर्यात थांबवून माल देशातच ठेवण्याच्या हालचालींच्या बातम्याही २०२५ मध्ये आल्या. ऐंशी वर्षांपूर्वी त्रावणकोरच्या वाळूवर निर्बंध आले, त्याचीच ही आठवण.

मात्र निर्यात रोखणे हा या कामातील सोपा भाग. १९५० च्या दशकात तो साधला होता. पुढे पूड दळणारे, भट्टी सांभाळणारे, हजारो तास चुंबक तापवून नोंदी ठेवणारे कारखाने आणि माणसे हवीत. डिस्प्रोशियम कमीत कमी वापरून किंवा त्याविना उष्णतेत टिकणारा चुंबक बनवण्याचे संशोधन हवे. वाहन कंपन्यांनी मोटारीचा आराखडा आणि तिला थंड ठेवण्याची व्यवस्था उपलब्ध चुंबकानुसार बेतायला हवी. युरेनियमसाठी ट्रॉम्बेने हे सगळे दहा-बारा वर्षांत करून दाखवले होते, तेही ज्या देशात त्याआधी असे काहीच नव्हते तेथे. नव्या योजनेचे यश ६,००० टनांच्या आकड्यावर जोखले जाईलच. पण त्या चुंबकांनी भर उन्हात घाटकोपरची चढण दहा वर्षे चढल्यावर त्यांच्यात किती दम उरतो, ही त्यांची खरी कसोटी असेल.